धक्क्यावरच्या कुर्ल्या

माझे सासरे, ईश्वरबाबा, कॅनडात आमच्याकडे सरे शहरात आले तेव्हा पासष्टीचे होते आणि इथल्या कशातच त्यांचा जीव रमत नव्हता. रमला तो एका म्हाताऱ्या लाकडी धक्क्यावर. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. समुद्रात लांबवर गेलेला, खिळे गंजलेले, फळ्या करकरणाऱ्या. बाबांना वेंगुर्ल्याचा धक्का आठवला. त्यांच्या लहानपणी तिथली आगबोट बंद झाली आणि मग धक्क्याकडे कुणी फिरकेनासं झालं.

कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला ते अमावास्येलाच जायचे. अमावास्येची कुर्ली भरलेली, पौर्णिमेची पोकळ, हा त्यांचा कोकणी नियम पॅसिफिकलाही लागू! जाळ्यात कोंबडीची तंगडी बांधून सोडायची आणि तासन्‌तास उभं राहायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी नर सोडून दिले आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या तेवढ्या ठेवल्या. त्यांच्या गावी मान मादीला. इथे मात्र मादी ठेवायलाच बंदी. मासेमारी खात्याच्या अधिकाऱ्याने चारचौघांत झापलं. पुढे प्रत्येक मादी पाण्यात सोडताना बाबांचा चेहरा उतरायचा.

मग आमच्या बेसमेंटमधल्या घरात रस्सा शिजायचा. मी पुण्याची, वरणभातावर वाढलेली. दोन दिवस तो वास पडद्यांत, जॅकेटांत, माझ्या केसांत. ग्रोसरी स्टोअरमध्ये आठ तास उभी राहून मी घरी यायची ती त्या वासात. नवरा, निहार, म्हणायचा, "जाऊ दे ना." त्याला काय, चार दिवस ट्रक घेऊन बाहेर!

एका हिवाळ्यात वादळाने धक्का मधोमध तोडला. दोन वर्षं कुंपण होतं. बाबा कुंपणाशी जाऊन उभे राहायचे आणि रिकाम्या हातांनी परत यायचे. या दोन वर्षांत ते एकदम थकले.

नव्या धक्क्यावर काय हवं, ते तिथल्या नगरपालिकेने ऑनलाइन विचारलं. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला.

"सुरुची, तो सर्व्हे भर गं माझ्या नावाने. कुर्ल्यांना तेवढं 'हवं' म्हण."

मी नुकतीच शिफ्ट संपवून आले होते, पाय ठणकत होते. बाबा शेजारीच बसले होते. कुर्ल्यांच्या प्रश्नावर मी 'नको'वर बोट ठेवलं आणि सबमिट केलं.

"झालं?"

"झालं, बाबा."

गेल्या महिन्यात धक्का उघडला, नेमका अमावास्येला. बाबा जाळं, बादली घेऊन तयार. मीच त्यांना गाडीने नेलं. पोलादी खांब, नव्या फळ्या, आणि तोंडाशीच पाटी: कुर्ल्या पकडण्यास मनाई. बाबांनी ती दोनदा वाचली. मला राहवेना.

"बाबा, तुमच्या सर्व्हेत मी..."

"'नको' केलंस. ठाऊक आहे. चष्मा होता की डोळ्यांवर."

"मग बोलला का नाहीत?"

"दमून आली होतीस. म्हटलं, एवढ्या लोकांत एका मताने काय होतंय." त्यांनी बादली माझ्याकडे दिली. "गाडीत ठेव. जपून, तळाशी स्टोव्ह आहे."

"स्टोव्ह?"

"कॅम्पिंगचा. नवीन घेतला. इथेच किनाऱ्यावर शिजवून खाणार होतो. घरात वास नको."

मग ते एकटेच टोकापर्यंत चालत गेले. मी ती बादली धरून तिथेच उभी राहिले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.