जमीन सोडून सगळं आपलं

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि शिकणाऱ्याचा पाय गोंधळायच्या आत बाईंचा पाय तिथे पोचलेला असायचा. गाडीत त्यांचा आवाज कधी चढत नसे. समोरून ट्रक येतोय आणि शिकाऊ माणसाने घाबरून डोळे मिटलेत, तरी बाई एवढंच म्हणायच्या, "डोळे उघडा, मी आहे." ही शांतता दिवसभरात इतकी वापरली जायची की घरी आणायला काही उरायचंच नाही, असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं. अर्थात ते हे म्हणायचे बाई दुसऱ्या खोलीत असताना, हळू आवाजात.

यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. माणूस सरळ, पण भिडस्त. समोरच्याने पाय तुडवला तर आपणच "माफ करा" म्हणणारा. घरात तिसरे सासरे, बाबा. आजारपणानंतर ते डावा पाय ओढत चालायचे, त्यामुळे हातात वॉकर आला होता.

तिघं राहायचे तो फ्लॅट तळमजल्यावरचा. त्यावर कर्ज नव्हतं, आणि यजमानांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत होता. "आपल्याला कुणाचं देणं नाही," हे वाक्य ते देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायचे. पण इमारतीखालची जमीन होती एका कंपनीची, भाडेपट्ट्याने दिलेली. पट्टा वर्षावर्षाने संपत चालला होता, दर वर्षी जमिनीचं भाडं भरावं लागे, आणि दाराबाहेर साधी कुंडी ठेवायची म्हटलं तरी कंपनीची परवानगी लागे. कंपनीचा एक अधिकारी अधूनमधून इमारतीभोवती चक्कर मारून जायचा. बाई त्याला पट्टेवाला म्हणत.

"अगं, साहेब आहे तो," यजमान म्हणायचे.

"पट्टा सांभाळतो ना? मग पट्टेवालाच."

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. वॉकर घेऊन बाबांना त्या चढता-उतरता येईनात, म्हणून यजमानांनी पायऱ्यांच्या एका बाजूला रॅम्प करू द्यावा असा अर्ज केला. नम्र विनंती, वगैरे. उत्तर नाही. दुसरा अर्ज केला, आणखी नम्र. मग तिसरा. तोवर बाबा खिडकीतून रस्ता बघत बसले होते. शेवटी बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी ओळखीचा गवंडी बोलावला आणि एका दिवसात रॅम्प करून घेतला. रॅम्प वाळला त्या दिवशी बाबा एकटे बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याशी गप्पा मारून आले आणि घरात शिरताना शीळ घालत होते. बाबांना शीळ घालता येते हे बाईंना लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

ते सुख फार टिकलं नाही. एका दुपारी बाई शिकवणी आटोपून आल्या तर दाराशी सिमेंटचे तुकडे पडलेले. बाबा भर उन्हात, एका पालथ्या घमेल्यावर बसलेले. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं.

"काय झालं, बाबा?"

"कंपनीची माणसं आली होती. मी बाहेर होतो. म्हटलं, मला आधी वर जाऊ द्या, मग फोडा. म्हणाले, पाच मिनिटं थांबा आजोबा." बाबा हसायला बघत होते. "फोडून झाल्यावर गेले निघून. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही."

बाईंनी हात द्यायला वर्तमानपत्र उचललं. बाबांनी ते झटकन पुन्हा मांडीवर ओढलं, आणि मग बाईंना कळलं. पँट ओली होती. बाबांनी मान दुसरीकडे वळवली. "त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "मुलाला नको."

बाईंनी त्यांना जवळजवळ उचलूनच आत नेलं, कोरडे कपडे काढून दिले, पाठ करून उभ्या राहिल्या. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय, ते त्या दिवशी त्यांना नीट समजलं. तशाच बाहेर पडून त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या.

पट्टेवाल्याने पंख्याचा वेग वाढवला आणि शांतपणे सांगितलं, "बाई, तुमच्या भिंतींच्या आतलं तुमचं. दाराबाहेर पाऊल टाकलंत की ते आमचं."

"मग तुमच्या पायऱ्यांवरून पडून कुणी मेलं, तर तेही तुमचंच ना?"

"तसं पट्ट्यात लिहिलेलं नाही."

"माणूस उन्हात बसवून ठेवायचा, हे लिहिलंय?"

तो खांदे उडवून पुढच्या माणसाकडे वळला. बाईंनी टेबलावर थाप मारली तशी पाण्याचा पेला लवंडला, आणि तो स्वतःचे कागद पुसत बसला.

संध्याकाळी घरात रणकंदन झालं. बाईंनी एक घर हेरून ठेवलं होतं. गावाच्या टोकाला, जुनं, ठेंगणं, न्हाणीघराची फरशी उखडलेली, पण जमिनीसकट मालकीचं. फ्लॅट विकून जे येईल त्यात भागणार नव्हतं. बँकेचं कर्ज घ्यावं लागणार होतं.

"या वयात कर्ज?" यजमान म्हणाले. "आपण म्हातारे झालो तरी फिटणार नाही. इथे निदान कुणाचं देणं नाही."

"इथे कुणाचं देणं नाही, आणि कशावर हक्कही नाही!"

"मी आणखी एक अर्ज करतो."

"करा! तुमच्या अर्जांची रद्दी विकूनच घर होईल!"

नणंदेचाही फोन आला. "वहिनी, तुमच्या रागापायी माझ्या भावाला कर्जात घालू नका." बाईंनी "बरं, ताई" म्हणून फोन ठेवला आणि कपाटाचं दार असं आपटलं की बिजागरीच निखळली. ज्या एका गोष्टीने भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं, ती त्यांच्या ओठांशी येऊन थांबत होती. शब्द दिला होता. यजमान एकेक मुद्दा मांडत होते, सगळे बरोबर होते, आणि त्यामुळे बाई आणखीच पेटत होत्या.

"तिच्यावर ओरडू नकोस," आतून बाबा म्हणाले.

"मी कुठे ओरडतोय? तीच..."

"आज दुपारी माझी पँट ओली झाली रे. रस्त्यावर. लोक जात-येत होते." बाबा वॉकर धरून दारात उभे होते. "तिने तुला सांगितलं नाही, कारण मीच नको म्हणालो होतो."

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "घर बघायला कधी जायचं?"

फ्लॅट विकायलाही कंपनीचा ना-हरकत दाखला लागला, आणि त्यासाठी पट्टेवाल्याने त्यांना महिनोन्‌महिने दारात तिष्ठत ठेवलं. पण सुटले एकदाचे. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात छत गळू लागलं. बाईंनी सवयीने तक्रार करायला फोन उचलला, मग लक्षात आलं की तक्रार ऐकणारं आता कुणी नाही. स्वतःच शिडी लावली, आणि वर चढून सगळ्या जगाला शिव्या घातल्या.

दुसऱ्या वर्षी बँकेने व्याजदर वाढवला आणि हप्ता चढला. बाईंनी सकाळच्या शिकवण्या वाढवल्या. पण त्यांच्या जिवाला खरी टोचणी वेगळीच होती. यजमान "मी म्हणालो होतो" असं म्हणतील म्हणून त्या रोज तयारीत असायच्या. ते काही म्हणेनात. हप्ता वाढल्याचं कळलं तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली.

"म्हणा ना एकदाचं!" बाई कडाडल्या.

"काय म्हणू?"

"जे पोटात ठेवलंय ते! कर्ज नको म्हणाला होतात ना?"

"मी दुकानात रविवारचं काम मागून घेतलंय."

"मी ते विचारलं नाही!"

"हो, म्हणालो होतो!" यजमान ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातातला कप त्यांनी मोरीत आदळला. "म्हणालो होतो, आणि अर्ज करत बसलो होतो! माझा बाप रस्त्यावर तसा बसला होता आणि मी नम्र विनंती, नम्र विनंती लिहीत होतो! आता तू सांग, हा राग कुणावर काढू? बँकेवर?"

 बाईंना बोलायला खूप होतं, पण त्यातलं काहीच या माणसासाठी नव्हतं.

अंगणातून बाबांचा आवाज आला, "भांडण संपलं असेल तर चहा टाका कुणीतरी."

"संपलं नाहीये अजून!" बाई ओरडल्या, आणि त्यांनी आधण ठेवलं.