नेरची पोकळ बास गिटार आणि वणीचा शनिवार

मी पुण्यात नोकरी करतो आणि हौसेने बास गिटार वाजवतो. मंदावहिनीचा फोन आला आणि मी त्याच दिवशी सुट्टी टाकली. नेरला माझा मामा राहतो. मामेभाऊ गजानन आणि मंदावहिनी या नवरा-बायकोने चार मित्र गोळा करून ऑर्केस्ट्रा काढला होता. गजानन गातो, वहिनी बास गिटार वाजवते. पण कापसाची वाईट वर्षं चालली होती, लोक लग्नंसुद्धा साधेपणाने उरकून टाकत होते, ऑर्केस्ट्रा कोण बोलावणार? अशात वणीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून शनिवारचं बोलावणं आलं, तालुक्याबाहेरचं पहिलंच. आणि नेमकी तेव्हाच वहिनीची उसनी आणलेली गिटार मालक परत घेऊन गेला.

"मामाजी लाकडाचं अंग बनवून राह्यले," वहिनी म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "बाकीचे पार्ट तुम्ही आना भाऊजी. नाईतं शनिवारी मी स्टेजवर नुसती उभी राहीन."

पुण्याच्या जुन्या बाजारात एका मोडक्या बास गिटारची मान मिळाली. बास घडवताना मान हेच सगळ्यात नाजूक काम. पट्टीवरचे पडदे एक केसभर हलले तरी सूर बोंबलतो, आणि आत एक लोखंडी सळई असते, ती चार जाड तारांच्या ताणाला तोंड देते. ती मान, खुंट्या, तारा, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आणि पिकअप एवढं घेऊन मी ट्रॅव्हल्समध्ये बसलो. शेजारच्या काकांनी मान निरखून पाहिली आणि विचारलं, "हॉकी खेळता का?" मी हो म्हणालो. पुढे कोण समजावत बसणार!

यवतमाळला सकाळी उतरलात तर स्टँडसमोर आलुबोंडा खा, पण वरची तिखटजाळ तर्री वेगळ्या वाटीत मागा. माझ्यासारखी सगळी ओतून घ्यायची शेखी मिरवलीत तर दिवसभर भोगाल. तिथून नेरची एस.टी. सहज मिळते, तासाभराचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती. भाव नसल्याने वेचायची घाई मात्र कुठे दिसली नाही.

मामा कोर्टातला रिटायर्ड क्लार्क. सुतारकाम ही त्याची हौस, आणि भजनी मंडळाच्या वीणा तोच दुरुस्त करतो. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेडची सागवानी तुळई त्याने मिळवली होती. तिच्यातून कोरलेलं अंग इतकं देखणं होतं की मी हात फिरवतच राहिलो. मग ते उलटं केलं. मागून सगळं पोखरलेलं! पुढे बोटभर जाडीची फळी तेवढी उरलेली.

"मामा, हे काय करून ठेवलं?"

"काहून? भरीव लाकडातून आवाज कायचा निंघते? वीनेचा भोपळा कोनी भरीव ठेवते का? साऱ्या मंडळानं पाह्यलं, सारे वा वा म्हणाले."

माझं डोकं फिरलं. बासचा आवाज पोकळीतून येत नाही, तारेखालच्या पिकअपमधून येतो, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेतून, हे मी वरच्या पट्टीत सांगितलं. घोडीचे आणि मानेचे स्क्रू धरायला जाड लाकूड लागतं, नाहीतर तारा ताणल्या की घोडी फळीसकट उपटून येईल, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "हे आता चुलीत घाला." मामाने हातातली पटाशी खाली ठेवली आणि तो ओसरीवर जाऊन बसला.

वहिनीने दोघांनाही हाक मारून जेवायला बसवलं. भरीत, ज्वारीची भाकर, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. "आता काय करायचं ते सांगा," ती म्हणाली. "भांडन रविवारी करा. मले शनिवारी वाजवाचं हाय."

शेंगा सोलता सोलता मला आठवलं की काही गिटारी अर्धपोकळ असतात. दोन्ही बाजू मोकळ्या आणि मधून मानेपासून घोडीपर्यंत भरीव ठोकळा. सांगितलं तसा मामा अर्धी भाकर टाकून उठला. त्याच तुळईचा ठोकळा काढून त्याने तो पोकळीत असा बसवला की सांधा शोधावा लागावा. सरस लावला, शिकंजे आवळले. दुसऱ्या दिवशी त्यावर मान कसली, पिकअपची खाच पाडली, घोडी बसवली. तारा हळूहळू ताणल्या. घोडी हलली नाही.

गिटार पट्ट्याने गळ्यात अडकवल्यावर मानेकडून खाली झुकायला लागली, कारण मान जड आणि अंग हलकं. वहिनीने जुन्या पलंगाची रुंद नवार कापून पट्टा केला. खरखरीत नवार खांद्यावरून घसरेना, प्रश्न मिटला.

शनिवारी जीप करून करंजी, मारेगावमार्गे वणी गाठलं. मारेगावच्या पुढे कोळशाच्या ट्रकांचा धुरळा असतो, काचा बंद ठेवा. वसाहतीच्या मैदानात वहिनी स्पीकरजवळ उभी राहिली आणि गिटार हंबरायला लागली. पोकळ वाद्याची ती खोडच, स्पीकरचा आवाज पोकळीत शिरून पुन्हा घुमतो. मी खुणेने तिला लांब जायला सांगितलं. ती चार पावलं सरकली आणि मग जो आवाज आला तो माझ्या महागड्या भरीव बासमधून मी कधी काढलेला नाही. गोल, जाड, छातीत बसणारा. लोक नाचायला लागले. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "भोपळा भरीव ठेवत नसते बाप्पा." मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

पुण्याला परत येऊन माझी बास काढली, दोन सूर वाजवले आणि ठेवून दिली. नेर, यवतमाळ, वणी हा काही कोणाच्या सहलीच्या यादीतला रस्ता नाही, पण थंडीत जा, माणसं आणि भरीत दोन्ही चांगली मिळतात.

काल वहिनीचा फोन आला. महागावला बोलावलंय. मी लगेच म्हणालो, "काय काय पार्ट आणू?"

"काही नोका आनू, भाऊजी," ती म्हणाली. "समोर बसाले या."