प्रल्हादचा ‘बेकार’

गेल्या महिन्यात प्रल्हाद गेल्याचं त्याच्या नातीनं, सायलीनं, अकोल्याहून फोन करून कळवलं, तेव्हा मी अमरावतीत चहा घेत होतो. मिळाली ती एसटी पकडली आणि वाटेतलं मूर्तिजापूर येईपर्यंत डोक्यात एकच शब्द फिरत राहिला... बेकार.

आम्ही दोघांनी अमरावतीला एकत्र बी.ए. केलं. मला लगेच नोकरी लागली. प्रल्हाद सहा वर्षं घरी. अकोल्याच्या जुन्या शहरात, त्यांच्या गल्लीत, त्याचं नावच पडलं, बेकार. मुलगी पाहायला गेला तर मध्यस्थानं ओळखही तशीच करून दिली. तो पाणी न पिता उठला. पुढे मराठीचा शिक्षक झाला, नावाजला, पण ‘बेकार पेन’ म्हणणाऱ्या पोरालाही दुसरा शब्द शोधायला लावायचा.

दोन वर्षांपूर्वी सायलीच्या अमरावतीच्या कॉलेजात वऱ्हाडी बोलीवर त्याचं भाषण झालं. पोरं खदखदून हसली, उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना सायलीची मैत्रीण तिला म्हणाली, “तुये आजोबा बेक्कार बोलले वं!”

प्रल्हाद जागीच थांबला. कँटीनमध्ये बसलो, पण चहाला हात लावेना. सायलीच्या लक्षात आलं. तिनं समजावलं की आता बेक्कार म्हणजे जबरदस्त. पोरं बेक्कार हसतात, त्यांना भूकही बेक्कार लागते.

ते त्यानं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग जो सुटला! टेबलाटेबलावर जाऊन पोरांना विचारू लागला, कधीपासून म्हणता, घरी म्हणता का, रागातही म्हणता का. परत आला तेव्हा डोळे लकाकत होते. माझा दंड धरून म्हणाला, “वसंता, शब्दाले नोकरी लागली रे... आता मी काहून लाजू?”

त्यानंतर रोज सकाळी त्याचा फोन; नवा शब्द सापडला की तो वहीत टिपून ठेवायचा. भाजी ‘खतरनाक’ कधीपासून व्हायला लागली, यावर आम्ही तासभर भांडलो आहोत! शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सलाही त्यानं शब्द विचारल्याशिवाय सोडलं नाही.

परवा कॉलेजजवळच्या गाडीवर एक पोरगी आलुबोंडा खाता खाता म्हणाली, “जहर आहे हा!” आणि तिनं आणखी एक मागितला. माझं बोट सवयीनं प्रल्हादच्या नंबरावर गेलं... आणि मी लावलाच. तो फोन आता सायलीकडे असतो. मी घाईघाईनं सांगू लागलो.

“थांबा आजोबा,” ती म्हणाली, “वही घेते.”