नळावरचं भांडण आणि खोबरेल

आमच्या गल्लीतल्या नळाला बोअरचं जड पाणी येतं. त्यानं बायकांचे केस काथ्यासारखे राठ होतात, माझेही. त्यावर उपाय एकच, समोरच्या मावशी. रविवारी दुपारी त्या खोबरेलाची वाटी घेऊन पायरीवर बसतात आणि येईल तिचं डोकं गुडघ्यांत धरतात. हात मऊ, तोंड फटकळ. "केस हायत का केरसुणी? शांपू कमी कर की जरा!" हे अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

परवा नळावर त्यांचं शेजारणीशी कडाक्याचं भांडण झालं. कळश्या आपटल्या, बोलणं बंद झालं. रविवारी शेजारीण पिंजारलेले केस घेऊन आपल्याच दारात घुटमळत होती. मावशींनी खालच्या पायरीवर हात आपटला.

"ये, बस. भांडण पाण्याचं हाय, केसांचं न्हाय."

ती येऊन बसली. मावशींनी मुळापासून टोकापर्यंत तेल जिरवलं, घट्ट वेणी घातली आणि पाठीत थाप मारून तिला उठवलं.

सोमवारी पाणी आलं आणि दोघी पुन्हा भांडल्या. ऐन रंगात आल्यावर मावशी मध्येच थांबल्या.

"पदर घे की डोक्यावर, उन्हानं केस वाळत्यात!"

तिनं पदर घेतला. मग भांडण पुढं सुरू झालं.