पुस्तक बाहेर गेलंय

१९७६ साल, एप्रिलचा दुसरा पंधरवडा. सोलापुरात सकाळी नऊलाच कपाटाच्या कडीला हात लावला की चटका बसायचा. एका हॉस्पिटलला जोडलेल्या नर्सिंग स्कूलच्या लायब्ररीत मी शिपाई होतो. बारा वर्षं एकाच स्टुलावर बसलं की किस्से आपोआप साचतात. दुसऱ्यांचे आपण चवीनं सांगतो, स्वतःचे मागच्या फळीत ठेवतो. हे माझे मागच्या फळीतले आहेत.

मी चौथी शिकलेला. मराठी वाचतो, अक्षर चांगलं आहे. इंग्रजी येत नाही. लायब्ररीत चार कपाटं, त्यातली साडेतीन इंग्रजी. लायब्रेरियनची जागा मंजूर होती, माणूस कधी आला नाही. स्कूलच्या साहेबांनी मला विचारलं, "जमेल का?"

मी म्हणालो, "जमेल."

* * *

पुस्तकं मी उंचीप्रमाणे लावली. सगळ्यांना एकसारखी खाकी कव्हरं घातली. कव्हरांवर नावं घालायची राहिली. का राहिली, ते आता तुम्हाला कळलंच.

एकदा तपासणीला वरचे साहेब आले. चारी कपाटांसमोरून फिरले आणि म्हणाले, "इतकी शिस्तीची लायब्ररी मी पाहिली नाही." एकही पुस्तक उघडलं नाही. त्या दिवशी मी घरी ताठ मानेनं गेलो.

* * *

कपाटाला मुलींनी हात लावायचा नाही, हा माझा नियम. जुन्या मुली नव्यांना सांगून ठेवत, दुसरी फळी, डावीकडून पाचवं. असं कुणी बोट दाखवून मागितलं की मी काढून देई. कुणी इंग्रजीत चिठ्ठी लिहून आणली की चष्मा लावून ती बघे आणि म्हणे, "बाहेर गेलंय."

मुली मला कडक मामा म्हणायच्या. मला ते बरं वाटायचं.

* * *

त्या वर्षी ट्यूटर सिस्टरनी, म्हणजे वर्ग घेणाऱ्या सिस्टरनी, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट दिलं. या सिस्टर केरळच्या. विषय असा, की वेगवेगळ्या जातीधर्माचे पेशंट काय पाळतात ते समजून शुश्रूषा कशी करायची. लायब्ररीतली पुस्तकं वाचून वही लिहायची. वही पसंत पडली तरच परीक्षेच्या फॉर्मवर सही.

विमल म्हणून एक मुलगी होती, माढ्याकडची. तिच्या वडिलांनी बजावलं होतं की यंदा परीक्षा झाली नाही तर घरी यायचं आणि लग्न करायचं. ती चिठ्ठी घेऊन आली. मी चष्मा लावला. "बाहेर गेलंय."

"कुणी न्हेलंय मामा?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, मोठ्या डॉक्टरांनी.

ती सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "बाई, कॉलेज सुटल्यापासून मी लायब्ररीचं तोंड पाहिलेलं नाही."

परत येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. हातातली चिठ्ठी घडी घालून ठेवली. मग वही उघडून म्हणाली, "मामा, तुमीच सांगा. तुमी लई वर्षं हितं हाय."

* * *

मी सांगितलं. विचारल्यावर नाही कसं म्हणणार? मुसलमान बाई परक्या पुरुषाच्या हातचं औषध घेत नाही, असं ठणकावून सांगितलं. विमलनं ते वॉर्डात जाऊन एका मुसलमान बाईला वाचून दाखवलं. ती खाटेवर हसत सुटली. म्हणाली, "कंपाउंडर हमारे मोहल्ले का गणपतराव है. बीस साल से उसीके हाथ की दवा खारी मैं."

हे मला कळलं तेव्हाच थांबायला हवं होतं.

* * *

मग तिनं शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांचं विचारलं. बाळंतिणीचं काय पाळतात? मी म्हणालो, "आपल्यासारखंच. वेगळं काही नाही." पूर्व भागात मी एकाही घरात पाणी प्यायलेलो नव्हतो.

विमलनं तसं लिहिलं आणि पुढं विचारलं नाही. तिच्या वॉर्डात तिथलीच एक बाळंतीण होती. खाटेजवळचा तांब्या रोज रिकामा दिसे. विमल तक्त्यावर लिहायची, पाणी पिते. खरं म्हणजे पोरगी थेंबभरच पीत होती. बाळंतिणीनं पाणी प्यायचं नाही अशी त्यांच्या घरची रीत. वॉर्डातल्या सिस्टर रागावू नयेत म्हणून सासू तांब्या मोरीत ओतत होती. त्या उन्हात तिसऱ्या दिवशी पोरगी उठताना कोसळली. सलाईन लावलं म्हणून वाचली. तेव्हा कुठं ही रीत बाहेर आली.

विमल सासूजवळ जाऊन बसली. आत्या, मग चालतं तरी काय, असं तिनं विचारलं.

"ओवा घालून उकळलेलं चालते की," सासू म्हणाली. "आमाला कोण विचारलंच नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी, वहीतली चूक कुठून आली ते बघायला, ट्यूटर सिस्टर विमलला घेऊन लायब्ररीत आल्या. त्यांनी दोन-तीन कव्हरं उलटली आणि एक पातळ पुस्तक काढलं. पेशंटला आधी काय काय विचारायचं, त्याचे प्रश्नच त्यात ओळीनं होते.

"मामा, हा पुस्तक बाहेर गेला होता?"

मी गप्प.

विमल म्हणाली, "मीच नीट मागितलं न्हाई, सिस्टर. मामांची चूक न्हाई."

सिस्टर म्हणाल्या, फॉर्मवर सही होणार नाही. मी तेव्हाही गप्प. आज हे लिहिताना मान खाली जाते ती त्या गप्प बसण्यानं.

* * *

संध्याकाळी जिन्यात मी तिला थांबवलं. खोटं का बोललीस, म्हणून उलट तिलाच दरडावलं.

ती म्हणाली, "मामा, माझ्या चिठ्ठीवर तीन पुस्तकांची नावं हुती. तुमी म्हणलासा, बाहेर गेलंय, एकच असल्यागत. डॉक्टरांकडनं आल्यावर मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी मामा हाय की," ती म्हणाली आणि खाली उतरून गेली.

* * *

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी रजिस्टरचं एक पान फाडलं, त्यावर लिहिलं आणि वर्ग चालू असताना आत गेलो. तीस मुली होत्या. सिस्टरनी पान मनात वाचलं आणि घडी घालू लागल्या.

मी म्हणालो, "मोठ्यानं वाचा."

"मामा, गरज नाही."

"मोठ्यानं."

सिस्टरना मराठी अक्षरं एकेक जुळवावी लागत. बोट ठेवून त्या वाचत गेल्या. "मला... इंग्रजी... वाचता येत नाही. पुस्तक... कपाटातच... होते. मी विमलशी... खोटे बोललो. बाळंतिणीचे... चुकीचे... मीच सांगितले."

खाली माझं पूर्ण नाव होतं. तेही त्यांनी वाचलं. वाचून होईपर्यंत मी उभा राहिलो. एकही मुलगी हसली नाही.

सिस्टरनी विमलला पुढं बोलावलं, फॉर्म मागून घेतला आणि सही केली.