डिंकमावशीची फाटक्या पुस्तकांची यादी

खरं सांगा, वाचून वाचून एखादं पुस्तक फाडलंय कधी तुम्ही? उगाच हात वर करू नका. चहा सांडलेलं मोजायचं नाही, पोराने पान काढून विमान केलं तेही नाही. वाचून वाचून! पाठ मोडेपर्यंत, टाके सुटेपर्यंत, पानं हातात येईपर्यंत. फाडलं असेल, तर डिंकमावशी तुम्हाला ओळखते. नावाने नाही, कुठल्या पानावर तुमचा जीव अडकला होता त्यावरून.

डिंकमावशी म्हणजे सरकारी वाचनालयाच्या मागच्या खोलीतली बाइंडर. वय चौपन्न. शाळा आठवीत सुटली, बाइंडिंग सासऱ्यांनी शिकवलं. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर खळीचं पातेलं, मेण लावलेला दोरा, दाभण आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, ज्याचं चाक ती अख्ख्या अंगाचं वजन टाकून फिरवते. एकतीस वर्षांत तिच्या हातचं एक पुस्तक तक्रार घेऊन परत आलेलं नाही. हे ती दिवसातून एकदा तरी कुणालातरी ऐकवतेच.

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे. त्यांना फर्मे म्हणतात. मावशी पुस्तक उसवते, फर्मे सुटे करते आणि शिवायच्या आधी एकेक वाचून काढते. का, तर म्हणे, "काय शिवतोय ते कळायला नको?" मोठ्या माणसांची भारदस्त पुस्तकं तिच्याकडे फारशी येतच नाहीत. ती कपाटात धडधाकट उभी असतात, कोणी हात लावेल तर ना! येतात ती पोरापोरींची. उडती शहरं, शापित विहिरी, सोळा वर्षांच्या पोरी आणि त्यांच्याशी बोलणारी जनावरं. मावशी त्यांच्यासाठी वेडी आहे.

पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर ती वर्षभर खुणा करते. कुठलं पुस्तक कितीदा फाटून आलं, कुठल्या पानाशी मोडलं. वर्षअखेरी जे सगळ्यात जास्त फाटलं, ते पहिलं. साधा हिशेब. यंदा तिसऱ्या नंबरावर 'काचकावळे'. ते कायम एकाच जागी उघडायचं, दोन मैत्रिणींचं भांडण होतं तिथे, आणि तिथली पानं ओलावून वाळल्यासारखी सुरकुतलेली. दुसरं 'शेपटीचा पुरावा'. गिरणी जाळल्याचा आळ आलेल्या ड्रॅगनचं वकीलपत्र एक शाळकरी पोरगी घेते! ते वाचताना मावशी इतकी हसली की खळ करपली. आणि पहिलं, बाकीच्यांच्या कितीतरी पुढे, 'आठव्या वाऱ्याची हाक'. सात वारे परवान्यावर पिशव्यांतून विकले जातात असं एक गाव. आठव्यावर बंदी. वारा विकणाऱ्या बाईची पोरगी तोच शोधायला निघते. वर्षात पाचदा फाटून आलं. पाचदा!

आता इकडे वाचनालयाची कमिटी. दर वर्षी कमिटी 'तरुण वाचकांसाठी वर्षाची उत्तम पुस्तकं' अशी छापील यादी दारात लावते. पुस्तकं अशी कोरी की नव्याचा वास जात नाही. यंदा त्यांनी वर एक नियम काढला, की तीनदापेक्षा जास्त दुरुस्तीला आलेल्या पुस्तकाचं निर्लेखन. निर्लेखन म्हणजे शिक्का मारून रद्दीत. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? ज्याने आयुष्यात एक पुस्तक फाडलं नाही, त्याच्याच!

"साहेब, 'आठव्या वाऱ्याची' ही एकच प्रत आहे," मावशी ग्रंथपालांना म्हणाली. "छापणाऱ्याने दुकान बंद केलंय. दुसरी मिळायची नाही."

"मावशी, पोरांची पुस्तकं ती. तुम्ही एवढं मनाला लावून घेता?"

"मग कोणी लावून घ्यायचं? तुम्ही?"

ग्रंथपाल माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. शनिवारी चार वाजता बैठक. "या आणि बोला," एवढं म्हणून त्याने अंग काढून घेतलं. मावशीने पुठ्ठा नव्याने लिहून काढला, सुवाच्य अक्षरात. आपल्या यादीसाठी कमिटीसमोर उभं राहायचं! दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी दुपारी तीनला काउंटरवर आरडाओरडा झाला. मावशी धावत बाहेर आली. बसड्रायव्हरचा खाकी गणवेश घातलेला एक आडवातिडवा माणूस ग्रंथपालाच्या नाकासमोर 'आठव्या वाऱ्याची हाक' नाचवत होता.

"शेवट कुठंय? पोरगी कड्यावर उभी आहे, पिशवीचं तोंड सोडतेय, आणि पुढे पुठ्ठा! कोणी खाल्ला शेवट?"

"बघितलंत, मावशी?" ग्रंथपाल म्हणाला. "पुस्तकाची पानंच गळलीत. आता बैठकीत बोलण्यासारखं काही राहिलं नाही."

मावशीला आपली डब्याची पिशवी आठवली. पानं गळली नव्हती. पुस्तक पाचव्यांदा उसवलं तेव्हा शेवटचा फर्मा पुन्हा एकदा निवांत वाचावा म्हणून तिने डब्याच्या पिशवीत टाकला होता. घरी नेला, वाचला, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी "वीस पुस्तकं तीन वाजेपर्यंत द्या" अशी घाई झाली आणि तिने उरलेले फर्मे शिवून पुठ्ठा चढवला. सोळा पानं घरीच!

गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? कोणालाही नाही. पुस्तक रद्दीत, एकतीस वर्षं शाबूत.

तिने ड्रायव्हरच्या हातातून पुस्तक घेतलं. "शेवट माझ्या घरी आहे," ती म्हणाली. "चूक माझी. गाडी आहे का तुमच्याकडे?"

"बस डेपोत आहे. स्कूटर आहे."

"चालेल."

मग काय विचारता! पुढे ड्रायव्हर, मागे मावशी, मांडीवर बिनशेवटाचं पुस्तक. सिग्नलला त्याने मान वळवली. "मावशी, एवढंच सांगा. पिशवी उघडते का?"

"पुढे बघा."

"हो की नाही, एवढंच."

"हिरवा झालाय!"

दार सुनेने उघडलं. तिच्या हातात तोच फर्मा. सून कधी पुस्तकाला शिवायची नाही, सासूच्या वाचनाची टिंगल करायची, आणि आता डोळे हे एवढे मोठे. "आई, हे काय हो? ती वारेवाली बाई खरंच..."

"थांबा!" ड्रायव्हरने दोन्ही कानांवर हात ठेवले. "वहिनी, तुमच्या पाया पडतो, बोलू नका!"

"हे कोण?"

"वाचक आहेत," मावशी म्हणाली. "दे ते इकडे."

"अहो, पण याच्या आधी काय आहे? मी नुसता शेवटच वाचला!"

"रांगेत उभ्या राहा," ड्रायव्हर म्हणाला, तोही कानावरचे हात न काढता.

चारला पाच मिनिटं असताना मावशी बैठकीच्या खोलीत शिरली. एका हातात सुईदोरा, दुसऱ्या हातात पुस्तक, काखेत पुठ्ठा. लांब टेबलाभोवती पाच जण, मध्ये अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. मावशीने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. फर्मा आपण नेला, आपण विसरलो, पुस्तकाचा दोष नाही. एकतीस वर्षांत पहिली तक्रार, आणि ती आपली आपणच केली. मग तिने पुठ्ठा टेबलावर ठेवला.

"ही माझी यादी. तुमच्या यादीतली पुस्तकं मी ओळखत नाही, ती माझ्याकडे कधी आलीच नाहीत. ही आली, कारण ती लोकांनी सोडली नाहीत. आणि तुम्ही यांनाच रद्दीत घालताय!"

"पण मावशी, अशी घाणेरडी प्रत वाचकाला कशी द्यायची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"वाचकालाच विचारा. जिन्यात बसलाय."

सगळे दाराशी गेले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो आडवातिडवा माणूस सुटी सोळा पानं गुडघ्यावर ठेवून बसला होता. ओठ हलत होते. हे पाच जण डोक्यावर उभे आहेत याचा त्याला पत्ता नव्हता. मग त्याने शेवटचं पान उलटलं, टोपी काढली आणि एवढ्या मोठ्याने "बाप रे!" म्हणाला की काउंटरवरच्या लोकांनी वळून पाहिलं.

अध्यक्षबाई आत गेल्या. बराच वेळ पुठ्ठा वाचत राहिल्या. "हे ड्रॅगनचं काय आहे?" त्यांनी विचारलं. "वकीलपत्र कसं मिळतं त्या पोरीला?"

नियम पूर्ण मोडला नाही, कमिटी ती कमिटीच. 'आठव्या वाऱ्या'चं निर्लेखन रद्द झालं, नियमात सापडलेल्या बाकी अकरा पुस्तकांना महिन्याची मुदत मिळाली. महिनाभरात वाचक मागतील ती राहतील. मावशीच्या नावे चुकीची लेखी समज निघाली. ती तिने घडी घालून दाभणाच्या डब्यात ठेवलीय. एकतीस वर्षांचं ती आता ऐकवत नाही, स्कूटरचं ऐकवते. सून रांगेत दुसरी आहे. पहिल्या अध्यक्षबाई. आणि पुठ्ठा मागच्या खोलीच्या दारावर लटकतोय.

महिना संपायला अजून वेळ आहे. तेव्हा तुम्हाला एक विनंती. तुमच्या जवळच्या वाचनालयात जा, तिथलं सगळ्यात फाटकं पुस्तक मागा, वहीत तुमचं नाव लिहा आणि घरी न्या. आणि शेवट वाचून झाला की, हात जोडतो, तोंड बंद ठेवा.