खिडकीतले नमुने

जालन्याच्या एमआयडीसीत एका लहानशा रसायन कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करत होते. लॅबमध्ये आम्ही तिघंच होतो. आमचे सर, मी आणि माझ्याहून वयानं मोठी एक सहकारी. तिला मी ताईच म्हणायचे. मशीनच्या भागांवरचं तेल धुऊन काढणारा एक पॉलिमर आम्ही बनवत होतो. लांब साखळीचा साबणच म्हणा ना. त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मधला जोड आम्ही मुद्दाम नाजूक ठेवलेला. वापरलेल्या पाण्यात थोडं ॲसिड टाकलं की तो जोड तुटावा, तेल वर यावं आणि पाणी पुन्हा कामाला यावं. टँकरवर चालणाऱ्या गावात हे काम किती मोलाचं, ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जोड किती नाजूक ठेवायचा, हीच खरी डोकेदुखी. मजबूत झाला तर तुटायचाच नाही, कच्चा राहिला तर डब्यातच मोडायचा. बऱ्याच खटपटीनंतर एक रचना जमली. तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण बीकरांत भरून, वर नुसता कागद ठेवून, आम्ही काही बीकर आतल्या कपाटात ठेवले आणि काही ताईच्या टेबलामागच्या खिडकीत.

एका सकाळी ताईनं हाक मारली. दिवाळीपासून तिचा आवाज बसला होता. डॉक्टर ॲलर्जी म्हणाले होते, म्हणून ती सारखी खडीसाखर चघळायची.

"इकडं ये गं. फाटलं बघ हे."

खिडकीतल्या एकूण एक बीकरात वर तेलाचा पिवळा थर आला होता, खाली गढूळ पाणी. आणि कच्च्या सफरचंदासारखा वास. जोड तुटला की हाच वास सुटायचा. पण ॲसिड तर कुणीच टाकलं नव्हतं.

"जोड कच्चा राह्यला," सर म्हणाले. "परत करा."

परत केलं. परत फाटलं. मला वाटलं, उन्हानं होत असेल. मी बीकरांना काळा कागद गुंडाळला, तरी तेच. कपाटातलं मिश्रण मात्र जसंच्या तसं, पांढरं शुभ्र. मग मला राहवेना. ॲसिड ओळखायच्या कागदाची एक पट्टी पाण्यात भिजवून मी खिडकीच्या गजाला चिकटवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती लालसर झाली होती.

ताई माझ्यामागं उभी होती. तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला.

"मंग मी इतके दिवस आत काय ओढून राह्यले?" ती म्हणाली.

खिडकीपलीकडं, भिंतीला लागून एक शेड होती. तिथं लोखंडाच्या सळ्यांचा गंज काढायला त्या ॲसिडच्या हौदात बुडवत. सर आणि मी तिथं गेलो. दारातच माझे डोळे झोंबायला लागले, श्वास छातीत अडकला. मुकादम शांतपणे पुढं आला.

"वास? कसला वास, मॅडम? आम्हाला तर बिलकुल येत न्हाई." त्यानं मागं वळून विचारलं, "काय रे, येतो का वास?"

हौदाशी उभ्या असलेल्या माणसांनी माना हलवल्या. ते खोटं बोलत नव्हते. रोज त्या वाफेत उभं राहून त्यांची नाकंच मेली होती.

आम्ही तक्रार केली. तपासणीला माणसं आली, त्या दिवशी शेडला कुलूप होतं. सरांनी लॅब दुसऱ्या बाजूला हलवली, ती खिडकी विटांनी बुजवून टाकली. नव्या खोलीत आमचा साबण पाहिजे तेवढा टिकला, ॲसिड टाकल्यावर बराबर मोडलाही. सर खूश होते. ताईनं मात्र नोकरी सोडली. आता फोनवर ती कुजबुजल्यासारखीच बोलते, आणि मला दर वेळी म्हणावं लागतं, "ताई, जरा मोठ्यानं."

पुढं शेडवाल्यांनी वाफ वर सोडायला एक उंच पाइप उभारला. आमच्याकडं आता काहीच येत नाही. पाइपच्या पलीकडं कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, बाहेर दोरीवर कपडे वाळत असतात. कामावर जाताना मी गाडी थांबवते आणि ते कपडे कुठल्या बाजूला उडताहेत ते बघते. बहुतेक दिवस ते पाइपपासून लांब, खोल्यांच्या दारांकडंच उडत असतात.